नाटकाच्या कॉलेज ऑडिशनला स्पीच-डिबेटचा अनुभव कसा मांडायचा?

दिठी
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक अकरावीत आहे, इथल्या भाषेत ज्युनिअर, आणि तिला कॉलेजात अभिनयच शिकायचाय, बीएफए (फाइन आर्ट्सची पदवी) अ‍ॅक्टिंग. घरात यावर जी काही चर्चा व्हायची ती होऊन गेलीये आणि आम्ही दोघंही तिच्या बाजूने आहोत, त्यामुळे तो विषय नको.

अडचण वेगळीच आहे. हायस्कूलची ही वर्षं तिची नाटकात कमी आणि स्पीच-डिबेटच्या टीममध्ये जास्त गेली. नववीत लिंकन-डग्लस डिबेट (एकास एक वादविवाद) केलं, दहावीपासून ड्रामॅटिक इंटर्प (डीआय, म्हणजे नाटकातला उतारा एकटीने सादर करणं) आणि ओरिजिनल ओरेटरी (स्वतः लिहिलेलं भाषण). सीझनमध्ये जवळजवळ दर शनिवारी पहाटे साडेपाचला ब्लेझर घालून शाळेच्या बसपाशी सोडायला जायचं आणि रात्री आठला आणायला. कपाटाचा एक अख्खा खण ट्रॉफ्यांनी भरलाय. आणि शाळेच्या नाटकात मात्र दोनच भूमिका, त्यातली एक तीन वाक्यांची.

आता थिएटरचा रेझ्युमे करायला बसलो तर अर्ध पान रिकामं. डीआयमध्ये केलेली पात्रं 'भूमिका' म्हणून लिहायची का? बक्षिसं लिहायची का? का हे सगळं वगळायचं, कारण कोणीतरी आम्हाला सांगितलं की ड्रामा स्कूलवाल्यांना 'स्पीचची मुलं' आवडत नाहीत? ऐकून पोरगी दोन दिवस गप्प होती. ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

रेवा_क
फार कामाचा धागा. आमची पुढच्या वर्षी याच वाटेवर आहे. वाचतेय.

सह्यकडा
माझं मत सरळ आहे, सगळ्यात वर लिहा. माझा मुलगा चार वर्षं पब्लिक फोरम (दोघादोघांच्या जोड्यांचं डिबेट) करतोय आणि मी स्वतः पालक-जज म्हणून कितीतरी शनिवार इंटर्पच्या राउंड्स पाहिल्यात. दहा मिनिटं, वर फक्त तीस सेकंदांची सवलत, ना कॉश्च्युम ना प्रॉप, समोर ट्यूबलाइटमध्ये बसलेला अनोळखी जज, आणि त्यात एक सोळा वर्षांची मुलगी एकटी उभी राहून आई, मुलगी, डॉक्टर सगळी उभी करते. हा अभिनय नाही तर काय आहे? शाळेच्या नाटकातल्या तीन वाक्यांपेक्षा हे कितीतरी मोठं काम आहे. डीआयचं पात्र लिहायचं आणि पुढे 'प्रमुख भूमिका' लिहायचं. बिनधास्त.

चाफेकळी
+१ सह्यकडा. एवढी मेहनत केली आणि लपवायची कशाला?

नेपथ्य
मी एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या थिएटर डिपार्टमेंटमध्ये शिकवते आणि ऑडिशनच्या टेबलामागे बरीच वर्षं बसलेय, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

दिठीताई, आधी एक गाठ सोडवूया. तुम्ही एका कागदाचा विचार करताय पण कागद दोन आहेत. एक, बऱ्याच कॉलेजांना एकच चालणारा ऑनलाइन अर्ज म्हणजे कॉमन अ‍ॅप, तो अ‍ॅडमिशन ऑफिसात जातो. तिथे अ‍ॅक्टिव्हिटीजच्या दहा जागा असतात आणि प्रत्येकीला वर्णनासाठी १५० अक्षरं. तिथे स्पीच-डिबेट पहिल्या दोन-तीन क्रमांकात यायला हवं, बक्षिसांसकट, कॅप्टन असेल तर कॅप्टन म्हणून, काहीही कमी करू नका. तीन वर्षं सातत्याने एक गोष्ट केली याला तिथे फार वजन आहे.

दुसरा कागद थिएटरचा रेझ्युमे. तो आमच्याकडे येतो. एकच पान, आठ बाय दहा इंचाच्या हेडशॉटच्या (चेहऱ्याच्या फोटोच्या) मागे स्टेपल करायच्या मापाचं, आणि त्यात तीन कॉलम: नाटक, भूमिका, कुठे केलं किंवा दिग्दर्शक कोण. आम्ही तो मुलगी आत येऊन नाव सांगेपर्यंत बघतो. या तीन कॉलममध्ये डीआय बसवू नका. सह्यकडा, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, ते काम अवघड असतं आणि अभिनयच असतो. पण त्या कॉलमचा अर्थ 'हे नाटक बसवलं गेलं, दिग्दर्शक होता, सहकलाकार होते, प्रयोग झाला' असा आहे. डीआयची ओळ तिथे 'प्रमुख भूमिका' म्हणून दिसली आणि मी सहज विचारलं, 'हे कोणी बसवलं होतं, समोर कोण होतं?', तर मुलीला तिथल्या तिथे खुलासा करायची वेळ येते. ऑडिशनची पहिली दोन मिनिटं खुलाशात गेलेली मी पाहिलीयेत आणि मला त्या मुलांचं वाईट वाटतं, कारण ती खोटं बोलत नव्हती, कोणीतरी मोठ्या माणसाने तसं लिहायला सांगितलं होतं.

मग कुठे लिहायचं? खाली, ट्रेनिंगनंतर, स्वतंत्र मथळा करून: 'स्पीच अँड डिबेट'. दोन किंवा तीन ओळी. कोणता प्रकार, किती वर्षं, कोणत्या नाटकातला उतारा, आणि सगळ्यात मोठं एक यश. एनएसडीएचे (स्पीच-डिबेटच्या राष्ट्रीय संस्थेचे) पॉइंट्स आणि डिग्र्या इथे नकोत. २५० पॉइंट्सना डिस्टिंक्शन मिळतं हे टीमच्या लोकांना माहीत असतं, आमच्या टेबलावर चारातल्या तिघांना नसतं.

आणि भूमिका दोनच आहेत तर दोनच लिहा. सतरा वर्षांच्या मुलीच्या रेझ्युमेत पांढरी जागा असतेच, ती कोणालाही खुपत नाही.

सह्यकडा
कॉमन अ‍ॅपचं पटलं. पण रेझ्युमेचं मला अजून अन्यायकारक वाटतंय. ज्या शाळेत ड्रामा प्रोग्रॅम नीट नाही तिथल्या मुलांनी काय करायचं? त्यांच्याकडे स्पीच टीम हेच थिएटर असतं.

नेपथ्य
हाच मुद्दा मुलीने मुलाखतीत सांगावा, तुम्ही लिहिलंत तितक्याच साध्या शब्दांत. 'आमच्या शाळेत वर्षाला एकच नाटक व्हायचं, म्हणून मी डीआयकडे गेले.' हे ऐकल्यावर टेबलामागचा माणूस पुढे झुकून ऐकतो. रेझ्युमेच्या कॉलममध्ये हे सांगता येत नाही, तोंडाने येतं.

ओलीसांज
लॉगइन करायला लावलंत. मी स्वतः डीआय आणि डुओ केलेली मुलगी, नंतर बीएफए केलं, आता शिकागोत छोट्या थिएटर्समध्ये काम करते. 'स्पीचची मुलं आवडत नाहीत' या वाक्याचं मूळ काय आहे ते सांगते, म्हणजे तुमच्या लेकीला उगाच लागणार नाही.

माझी पहिली ऑडिशन. आत गेले, खोलीच्या मधोमध जोडलेल्या पावलांनी उभी राहिले, हात बाजूला, टेबलामागच्या तिघांच्या डोळ्यांत एकेक करून बघितलं आणि खणखणीत आवाजात स्लेट केलं, म्हणजे नाव वगैरे सांगितलं. इथपर्यंत ठीक. मग मोनोलॉग सुरू झाला आणि मी दुसऱ्या परिच्छेदाला तीन पावलं उजवीकडे गेले, तिसऱ्याला तीन पावलं डावीकडे, शेवटाला परत मधे. ज्यांनी ओरेटरी केलीये त्यांना कळेल, हा स्पीकर्स ट्रँगल. मुद्दा बदलला की जागा बदलायची. मला कळलंही नाही की मी हे करतेय, पाय आपोआप गेले. पात्र काय, तर स्वयंपाकघरात बहिणीशी भांडणारी बाई. ती मुद्दे मांडत नव्हती, भांडत होती, पण माझे पाय मुद्दे मांडत होते.

संपल्यावर त्यातल्या एका बाईंनी फार मायेने विचारलं, 'तू कोणाशी बोलत होतीस?' मी म्हटलं बहिणीशी. त्या म्हणाल्या, 'मग आम्हाला का पटवत होतीस? पुन्हा कर, या वेळी बहिणीला हे ऐकायचंच नाहीये आणि ती दाराकडे निघालीये.' मी पुन्हा केलं. अगदी तसंच केलं. तोच श्वास, तोच थांबा, 'कधीच' या शब्दावर तोच उजवा हात वर. तो उतारा मी एका सीझनमध्ये चाळीसेक वेळा केला होता आणि प्रत्येक बॅलटवरची (जजच्या गुणपत्रकावरची) सूचना त्यात घातली होती, त्यामुळे तो इतका घट्ट बसला होता की मला तो हलवताच येईना. तिथे प्रवेश मिळाला नाही.

त्यांना स्पीचच्या मुलांचा राग नसतो. त्यांना सूचना दिल्यावर मुलगी बदलते का ते बघायचं असतं, आणि आपण बरोब्बर तेच करायचं विसरलेले असतो. रेझ्युमेवर काय लिहिलंय यापेक्षा हे दहापट महत्त्वाचं आहे. दिठी, लेकीला सांगा, ट्रॉफ्या आत येत नाहीत पण सवयी आत येतात.

मृद्गंध
ओलीसांज, काय लिहिलंयस! पाय मुद्दे मांडत होते… हे वाचून मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला 'ओह नो'.

शब्दवेल्हाळ
डुओवरून आठवलं. आमचा मुलगा डुओ करायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोघं मिळून प्रसंग करतात पण नियमाने एकमेकांना हात लावायचा नाही आणि प्रस्तावना सोडून एकमेकांकडे बघायचंही नाही. मिठी मारायची असेल तर दोघं समोर बघून हवेत मिठी मारतात, आणि बघणाऱ्याला ती खरी वाटते, कमाल कला आहे. तर हा बारावीत पहिल्यांदा शाळेच्या नाटकात उभा राहिला, समोरची मुलगी त्याच्याशी जीव तोडून बोलतेय आणि हा प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघून उत्तर देतोय. दिग्दर्शिका बाईंनी तीन दिवस वाट बघितली, मग दोघांना समोरासमोर खुर्च्यांवर बसवलं, गुडघ्याला गुडघा, आणि म्हणाल्या आता संवाद नको, नुसतं बघत बसा. दोन मिनिटांनी दोघंही रडायला लागले. त्यानंतर नाटक उभं राहिलं.

रेवा_क
अंगावर काटा.

कोरापान
थोडं अवांतर. आमच्या बाबांना साताऱ्यात फोनवर सांगितलं की नात फोरेन्सिक्समध्ये (इथे स्पीच-डिबेटला असंही म्हणतात) स्टेटला पहिली आली. ते आठवडाभर गावात सांगत होते की नात पोलिसांच्या लॅबमध्ये लागली, आणि वयाच्या मानाने फार लवकर लागली. :)

शब्दवेल्हाळ
:)) आणि जुनं नाव नॅशनल फोरेन्सिक लीग, म्हणजे एनएफएल! आमच्या ऑफिसातल्या एका काकांना वाटायचं मुलगा फुटबॉल खेळतो. २०१४ मध्ये नाव बदलून नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन केलं ते बरं झालं. दिठी, रेझ्युमेवर एनएसडीएसुद्धा पूर्ण नावाने लिहा. नाटकवाल्यांना ती आद्याक्षरं पाठ असतील असं धरून चालू नका, आणि आपल्याकडच्या माणसाला तर एनएसडी म्हणजे दिल्लीच आठवणार.

घरचाअभ्यास
विषय नको म्हणालात तरी राहवत नाही म्हणून लिहितो, राग मानू नका. बीएफएच्या चार वर्षांचा खर्च आणि नंतरची कमाई याचा हिशेब केलाय का? मुलगी डिबेट करते, ओरेटरी करते, म्हणजे लॉ, पब्लिक पॉलिसी सगळी दारं उघडी आहेत. नाटक हौस म्हणून आयुष्यभर करता येतं.

दिठी
राग नाही, काळजीने लिहिलंत ते कळतंय. हिशेब केलाय, दोन रात्री बसून केलाय. जिथे शिष्यवृत्ती बसेल तिथेच जायचं हे तिलाही मान्य आहे. पण दहावीत ती डीआयच्या फायनलला होती तेव्हा मी पहिल्यांदा मागच्या बाकावर बसून बघितलं. शेवटच्या मिनिटाला ती काहीच बोलत नव्हती, नुसती एक चादर घडी करत होती, म्हणजे हातात काहीच नव्हतं, हवेतच, कोपऱ्याला कोपरा जुळवत. माझ्या शेजारची बाई हुंदके देत होती. मी आई आहे म्हणून नाही सांगत, पण त्या दिवसानंतर तिला 'हौस म्हणून कर' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

घरचाअभ्यास
समजलं. मनापासून शुभेच्छा.

चाफेकळी
दिठी, ती चादर वाचून डोळे भरले.

आडवाटेने
धागा भावनेत वाहून जायच्या आत थोडी माहिती टाकतो. स्पीच आणि थिएटर हे वेगळे तट आत्ता आत्ताचे आहेत. बोस्टनचं एमर्सन कॉलेज १८८० मध्ये सुरू झालं तेच वक्तृत्व आणि नाट्यकला शिकवायला, नावातच दोन्ही होतं. नॉर्थवेस्टर्नचं आजचं स्कूल ऑफ कम्युनिकेशन, ज्यात त्यांचा थिएटर विभाग आहे, ते १८७८ मध्ये स्कूल ऑफ ऑरेटरी म्हणून सुरू झालं. म्हणजे एकाच घरातल्या दोन खोल्या. नॉर्थवेस्टर्नचा उन्हाळी हायस्कूल प्रोग्रॅमही १९३१ पासून चालू आहे आणि त्यात थिएटर पण आहे, डिबेट पण आहे.

उदाहरणच हवं तर अभिनेता जॉश गॅड घ्या. शाळेत असताना स्पीचमध्ये राष्ट्रीय पातळीवर जिंकलेला मुलगा, मग कार्नेगी मेलनच्या ड्रामा स्कूलमध्ये गेला, पुढे ब्रॉडवे. तेव्हा 'स्पीचची मुलं नको' वगैरे ऐकून गप्प बसायची गरज नाही.

आणि एक व्यावहारिक गोष्ट, यादीत सगळेच बीएफए ठेवू नका. नॉर्थवेस्टर्नचा थिएटर मेजर बीए आहे आणि त्याला अभिनयाची ऑडिशन नसते, तिथे अर्ज आणि निबंध बोलतात. ओरेटरी लिहिणाऱ्या मुलीची ताकद तिथे थेट दिसते. अशा दोन-तीन जागा यादीत हव्यातच. शिवाय सोबत दुसरा मेजरही करता येतो, घरचाअभ्यास यांच्या काळजीवर थोडा उतारा.

पिंपळपान
मी पुण्यातून लिहितोय, तिकडचं कॉलेज-प्रकरण मला माहीत नाही, पण रोग ओळखीचा आहे. आम्ही कॉलेजात असताना वक्तृत्व गाजवणारी मुलं पुरुषोत्तमच्या एकांकिकेला हमखास घेतली जायची, कारण आवाज तयार, पाठांतर चोख, भीती नाही. आणि तालमीचा पहिला महिना त्यांचं वक्तृत्व काढण्यात जायचा. प्रत्येक वाक्य टाळीवर संपायचं. आमचा दिग्दर्शक त्यांना सगळे संवाद भांडी घासता घासता म्हणायला लावायचा, खरीच भांडी, खरंच पाणी. हात कामात असले की गळ्यातलं भाषण उतरतं. पण एक सांगतो, महिना संपला की तीच मुलं सगळ्यात पुढे जायची. पाया पक्का असतो, फक्त वरचा रंग खरवडायचा असतो.

ओलीसांज
पिंपळपान, भांड्यांचा उपाय मी आजपासून वापरणार!

दिठी
किती मनापासून लिहिताय सगळे. लेकीला सगळा धागा वाचून दाखवला, ओलीसांज यांचा प्रतिसाद ती स्वतःहून तीनदा वाचत होती. तिचे दोन प्रश्न आहेत. एक, डीआयचाच उतारा मोनोलॉग म्हणून केला तर चालेल का, कारण तो तिचा सगळ्यात पक्का आहे. दोन, ओरेटरी तिने स्वतः लिहिलेली आहे, ती करता येईल का? आणि डिबेटच्या त्या एका वर्षाचं काय, त्याचा नाटकाशी काहीच संबंध नाही म्हणून सोडून द्यायचं का?

नेपथ्य
एकेक घेते.

डीआयचा उतारा: जसाच्या तसा नको. तो दहा मिनिटांचा असतो, बहुतेक वेळा तीन-चार पात्रं जोडून, मधलं कापून बेतलेला. ऑडिशनला सहसा दोन परस्परविरोधी मोनोलॉग मागतात, प्रत्येकी साधारण साठ ते नव्वद सेकंद, प्रकाशित नाटकातले, एकच पात्र, मुलीच्या वयाच्या जवळचं. डीआयची गोष्ट अशी की तिथे जिंकणारे उतारे बहुधा दुःखाच्या टोकावरचे असतात आणि दहा मिनिटांत तिथपर्यंत चढत जायला वेळ असतो. तेच टोक कापून नव्वद सेकंदांत आणलं की मुलगी आत येते, नाव सांगते आणि लगेच आक्रोश सुरू. आम्ही ती कोण हे कळायच्या आतच ती कोसळलेली असते. आणि ओलीसांजने लिहिलंच आहे, घट्ट बसलेला उतारा सूचनेनंतर हलत नाही. मूळ नाटक आवडतं असेल तर ते पूर्ण वाचायला सांगा आणि त्यातलाच तिने आजवर न केलेला भाग शोधायला सांगा. स्पीचच्या मुलांनी कित्येकदा उताराच वाचलेला असतो, नाटक नाही. आम्ही मुलाखतीत हमखास विचारतो की या प्रसंगाच्या आधी काय घडलं.

ओरेटरी: मोनोलॉग म्हणून नको, स्वतः लिहिलेला मजकूर बहुतेक ठिकाणी चालत नाही. पण कॉमन अ‍ॅपच्या निबंधासाठी ती खाण आहे. आणि रेझ्युमेच्या त्या ओळीत 'स्वतः लिहिलेलं आणि सादर केलेलं दहा मिनिटांचं भाषण' असं जरूर यायला हवं. स्वतःचं लिहिणारी मुलगी म्हटल्यावर आमच्याकडे कान टवकारतात, आजकाल प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचं काम उभं करणारे विद्यार्थी हवेत.

डिबेट: अजिबात सोडू नका! मला विचाराल तर तिच्या तीन गोष्टींत अभिनयाच्या सगळ्यात जवळची तीच आहे. लिंकन-डग्लसमध्ये तिने काय केलं? समोरच्याच्या वाक्यात काय दडलंय ते शोधलं, त्याला नेमकं काय हवंय ते ओळखलं आणि ऐकून त्या क्षणी उत्तर दिलं. क्रॉस-एक्झॅमिनेशनमध्ये (समोरच्याशी थेट प्रश्नोत्तरांत) पाठांतर चालतच नाही, ऐकावंच लागतं. मुलाखतीत तिने हे सांगावं, पण तिच्या एका खऱ्या राउंडची गोष्ट सांगून. 'डिबेटने मला आत्मविश्वास दिला' हे वाक्य आम्ही दिवसाला वीस वेळा ऐकतो आणि विसरतो.

सह्यकडा
नेपथ्यताई, आता पटलं. क्रॉस-एक्सचं तर मी कधी असं बघितलंच नव्हतं. फक्त एक पुरवणी, वेगाने बोलणाऱ्या डिबेटची सवय असेल तर श्वासाकडे लक्ष द्या. आमच्याकडे मुलं मिनिटाला इतकी वाक्यं कोंबतात की श्वास हिसका देऊन आत घेतात, 'हुक्' असा आवाज येतो. मुलाच्या गाण्याच्या बाईंनी तो आवाज घालवायला सहा महिने घेतले.

मृद्गंध
आमच्याकडे पण तो हुक् आहे! मला वाटायचं अ‍ॅलर्जी आहे.

कोरापान
दिठी, मंडळाच्या नाटकांत काम केलंय का तिने? गणपतीतलं बालनाट्य वगैरे?

दिठी
केलंय की, सहावीपासून चार केलीत, त्यातल्या एकात तर दीड तास स्टेजवर होती. पण ती मराठीत आणि हौशी, हॉल शाळेचा भाड्याने घेतलेला. ती कुठे लिहायची?

नेपथ्य
दिठीताई!! ती पहिल्या कॉलममध्ये लिहायची! दिग्दर्शक होता, सहकलाकार होते, तालमी झाल्या, प्रयोग झाला, तिकीट काढून माणसं आली. ही कम्युनिटी थिएटरची चार क्रेडिट्स आहेत आणि तुम्ही पान रिकामं आहे म्हणत होतात. नाटकाचं नाव, भूमिकेचं नाव, मंडळाचं पूर्ण नाव, आणि शेजारी 'मराठीत सादर'. खाली स्पेशल स्किल्समध्ये मराठी अस्खलित, हिंदी जितकं येतं तितकं. त्या मथळ्यात जे लिहाल ते तिथे करून दाखवायला सांगू शकतात, म्हणून खरंच येतं तेवढंच.

चाफेकळी
बघा, घरातच होतं आणि आपण बाहेर शोधत होतो.

आडवाटेने
यावर वेगळा धागा काढायला हवा, आपली मुलं मंडळात केलेलं काम कुठेच लिहीत नाहीत. माझ्या मुलीने चार वर्षं ढोल-ताशा पथकात काढली आणि अर्जात 'ड्रम' असं एका शब्दात लिहिलं.

दिठी
आज रविवारी बसून कागद केला. इथे लिहिते, चुका सांगा.

वर नाव, उंची, आवाजाची पट्टी. मग 'नाटक': शाळेची दोन, मंडळाची चार, ताजं आधी. मग 'ट्रेनिंग': शाळेतला अ‍ॅक्टिंगचा क्लास, दोन उन्हाळे केलेलं वर्कशॉप, कथक पाच वर्षं. मग 'स्पीच अँड डिबेट', तीन ओळी: ड्रामॅटिक इंटर्प, दोन वर्षं, उताऱ्याच्या नाटकाचं नाव, स्टेट फायनलिस्ट. ओरिजिनल ओरेटरी, स्वतः लिहिलेलं आणि सादर केलेलं भाषण, दोन वर्षं. लिंकन-डग्लस डिबेट, एक वर्ष. शेवटी स्पेशल स्किल्स: मराठी अस्खलित, हिंदी संभाषणापुरतं, पोहणं. पान भरलं, आणि एकही ओळ अशी नाही की कोणी विचारलं तर तिला अडखळावं लागेल.

नेपथ्य
उत्तम झालाय. फक्त 'फायनलिस्ट'च्या पुढे वर्ष टाका, आणि कथक ट्रेनिंगमध्ये आहेच पण 'पाच वर्षं' आधी येऊ द्या, नजर तिथे थांबते. प्रीस्क्रीनचे (ऑडिशनच्या आधीच्या चाळणीचे) व्हिडिओ सीनिअर वर्षाच्या, म्हणजे बारावीच्या, शरद ऋतूत द्यायचे असतात आणि प्रत्यक्ष ऑडिशन बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत, त्यामुळे या उन्हाळ्यात मोनोलॉग ठरू द्या. प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे आणि दर वर्षी बदलतात, त्यांच्या त्यांच्या पानावर जाऊन बघा.

रेवा_क
मी हा धागा प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय. दिठी, मोनोलॉगची तयारी सुरू झाली का?

दिठी
सुरू झाली. नवीन दोन नाटकं पूर्ण वाचून काढली तिने. आत्ता बेसमेंटमध्ये रिकाम्या खुर्चीशी भांडतेय, हातात टॉवेलांच्या घड्या, पिंपळपान यांच्या भांड्यांच्या ऐवजी. ती तीन पावलं अजून जात नाहीत. मी खुर्ची भिंतीला लावून ठेवलीये म्हणजे जायला जागाच राहणार नाही.

ओलीसांज
खुर्ची भिंतीला नको, दाराजवळ ठेवा. आणि त्यावर तुम्ही बसा. मधेच उठून निघून जा, दर वेळी वेगळ्या वाक्याला. तिला थांबवू दे तुम्हाला.

दिठी
खाली जाते.